उसवणाऱ्या काकू

आमच्या केंद्रात दुपारी चार वाजता गाडी यायची. तिच्यात बसून सगळी म्हातारी माणसं आपापल्या घरी गेली की दालन एकदम शांत व्हायचं. हे दालन म्हणजे पूर्वी एका शाळेची व्यायामशाळा. छताला दोरखंड टांगायच्या कड्या अजून आहेत, लाकडी जमिनीवर कुठल्याशा खेळाच्या पिवळ्या रेघा आहेत आणि खिडक्या इतक्या उंच की त्यांतून फक्त आभाळ दिसतं. चारनंतर ऊन तिरपं होऊन खिडकीखालच्या सहा छोट्या हातमागांवर यायचं, लोकरीचे तंतू त्यात तरंगत राहायचे, आणि त्या उन्हात एक बुटकी बाई बुटक्या स्टुलावर बसून, दिवसभरात जे काही विणलं गेलं असेल ते सगळं उसवायची.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपल्याला डुलकी लागली असावी. मग तो धागा सरसर सुटताना ऐकू आला आणि माझी झोप उडाली.

मी तिथे चित्रकलेचं टेबल सांभाळायला नुकतीच लागले होते. ज्यांची आठवण दिवसेंदिवस पुसट होत चालली आहे अशा माणसांनी सकाळी दहाला यायचं, रंगवायचं, गायचं, विणायचं, एकमेकांच्या शेजारी बसायचं आणि चारला घरी जायचं, असं ते केंद्र. मी स्वभावाने तापट. त्यात चित्रकार. कुणी काही केलेलं मोडताना दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

"काकू, हे काय चाललंय?"

"उसवतेय."

"ते दिसतंय मला. पण का?"

"उद्यासाठी," काकू म्हणाल्या आणि पुढची ओळ ओढली.

मी तणतणत व्यवस्थापक बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग सांगितलं की पहिल्या वर्षी विणलेलं तसंच मागावर ठेवत असत. सकाळी माणसं यायची, आपल्या जागेवर अर्धवट कापड बघायची आणि घाबरायची. माझ्या जागेवर कोण बसलं? हे कुणाचं? एक म्हाताऱ्या शिवणकामवाल्या बाई तर आपण चुकून परक्या घरात शिरलो म्हणून दाराशी उभ्या राहून तासभर रडल्या. रिकाम्या मागाला मात्र कुणी घाबरत नाही. रिकामा माग दिसला की माणूस बसतो आणि सुरू करतो. हे काकूंच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून त्या रोज उसवतात.

मी तोंडाने बरं म्हटलं. मनाने काडीचंही मान्य केलं नाही. माझ्या टेबलावरची चित्रं मी तारीख घालून फायलीत लावत होते. ती चित्रंही दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला ओळखू येत नव्हती, हे मी स्वतःशी कबूल करायचं टाळलं.

पण राग धरायचा तर माणूस समोर बसून बघावं लागतं, आणि तिथेच माझं घोडं अडलं. मी रोज चारनंतर थांबायला लागले. काकू अंगाने भरलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोटं मात्र लांबसडक, दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. एका हाताने धागा ओढायच्या, दुसऱ्या हाताने त्याचा गुंडा करायच्या, आणि डोळे अर्धवट मिटलेले. मग झोपेत बोलावं तसं हळूच काहीतरी म्हणायच्या.

"आज हिने जेवणानंतर पाय चोळून घेतले असणार. इथून पुढे हात सैल आहे."

"इथे गाणं चालू होतं. बघ, तालात ओळी आल्यात."

"आणि इथे कुणीतरी हिला 'शाबास' म्हटलं. घाईघाईने चार ओळी जास्त झाल्या."

शाबास मीच म्हटलं होतं. अकरा वाजता, जाता जाता.

हे शहाणपण त्यांनी कुठून आणलं ते मला तुकड्या-तुकड्याने कळलं. काकू एकतीस वर्षं कापडगिरणीत तपासणी खात्यात होत्या. काचेचं टेबल, खालून दिवे, वरून कापड सरकत जायचं. दोष दिसला की खडूने खूण करायची. काही वर्षांत त्यांना कापडातून माणूस दिसायला लागला. अकरा नंबरच्या मागावरची बाई रात्रभर जागी आहे, तिसऱ्या रांगेतला तो उंच माणूस घरून भांडून आलाय. कापड पुढे सरकत राहायचं आणि काकू त्या उजेडात एकामागून एक घरं बघत बसायच्या. पण त्यांच्या प्रत्येक खुणेमागे कुणाला तरी बोलणी बसत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर कुणी बसायचं नाही.

"एकतीस वर्षं डबा एकटीने खाल्ला," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जागी असते तर मीही माझ्याशेजारी बसले नसते."

"मग इथे बरं वाटतं?"

"इथे खडू नाही," काकू म्हणाल्या.

घरी त्या आणि त्यांची विधवा नणंद, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. नणंदेच्या तोंडाचा पट्टा सकाळी जो सुरू होतो तो दिवा मालवेपर्यंत. एक बोलते, दुसरी ऐकत नाही, त्यामुळे दोघींचं उत्तम चाललं होतं.

सहा मागांपैकी खिडकीच्या टोकाचा माग कप्तानांचा. त्यांनी चाळीस वर्षं नदीवर लाँच चालवली होती. या काठावरची माणसं त्या काठावर आणि तिथली इकडे. आता ते धाकट्या भावाकडे राहत. डोक्यावर टोपी घातल्याशिवाय मागावर बसायचे नाहीत. आडवा धागा नेणारा धोटा उजवीकडून डावीकडे सरकवला की पुटपुटायचे, "चला, पलीकडे." तो परत आणताना, "चला, अलीकडे." दुपारी त्यांच्याजवळ उभं राहिलं तर मला पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटायची.

त्यांना एकुलती एक लेक. ती फार लांब नोकरीला, चार वर्षांत आली नव्हती. तिच्यासाठी कप्तान मफलर विणत होते. दर रविवारी तिचा फोन यायचा, बाबा, झाला का मफलर? आणि कप्तान सांगायचे, आज संपेल. दिवसभरात त्यांचं हातभर कापड व्हायचं. संध्याकाळी काकू ते उसवायच्या. सकाळी कप्तान रिकाम्या मागावर टोपी नीट करून बसायचे आणि म्हणायचे, लेकीसाठी मफलर करायला घेतोय, आज संपेल.

मग भावाने निरोप आणला की लेक येतेय. बारा दिवसांनी, दोनच दिवसांसाठी.

कप्तान तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, लेक येतेय, तिच्या गळ्यात घालायचाय. लेक येतेय हे मात्र ते विसरत नव्हते. भाऊ रोज सकाळी सांगत असेल, किंवा काही गोष्टी खोल कुठेतरी राहतात, मला माहीत नाही. बारा दिवस, रोज हातभर. एवढ्यात तीन-चार मफलर झाले असते, आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी एक लोकरीचा गुंडा उरत होता.

त्यातच काकूंची दाढ ठणकायला लागली. दुपारीच दवाखान्यात जाताना त्या मला म्हणाल्या, "आजच्या दिवस तू उसव. टोकापासून सुरू कर. ओढाताण करू नकोस."

मी पाच माग उसवले. सहाव्याशी आले आणि थांबले. राखाडी-निळं, हातभर, काठ थोडे वाकडे. मला ते इतकं सुंदर वाटलं की हात धजेना. म्हटलं, एक दिवस ठेवून तर बघू. उद्या ते इथूनच पुढे विणतील, परवा आणखी पुढे, आणि लेक येईतो मफलर तयार. काकूंना काय कळतंय कलेतलं! मी दिवे मालवले आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

सकाळी कप्तान आले, टोपी नीट केली आणि मागासमोर उभे राहिले. बसले नाहीत.

"हा कुणी चालवला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, कप्तान. कालचं आहे तुमचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलतेय हे त्यांना पुरतं कळलंय. मग आवाज अगदी लहान करून म्हणाले, "दुसरा माणूस ठेवला का माझ्या जागी? मला आधी सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं झाली."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, खिसे चाचपले, कसले तरी कागद शोधले आणि अकरा वाजेपर्यंत दाराजवळ खुर्ची घेऊन बसून राहिले. शेवटी भावाला बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भाऊ म्हणाला, नोकरी गेली म्हणतात, अंथरुणातून उठत नाहीत.

काकू सुजलेला गाल घेऊन कामावर आल्या आणि मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, बोलतील. त्यांनी फक्त टोकाच्या मागासमोर स्टूल ओढलं आणि ते हातभर कापड उसवायला घेतलं. अर्ध्यावर आल्यावर म्हणाल्या, "तुला वाटतं, मला हे करताना काही होत नाही?"

मी रडले. माझा शहाणपणा मलाच नडला असता तर चाललं असतं, तो त्या म्हाताऱ्या माणसाला नडला होता.

पाचव्या दिवशी सकाळी काकू कप्तानांच्या घरी गेल्या. आत गेल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली, "कप्तान, लाँच रिकामी उभी आहे. माणसं खोळंबलीत." कप्तान उठले आणि टोपी शोधायला लागले. भाऊ सांगत होता, चप्पल घालायचीही घाई झाली त्यांना.

आता सात दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी काकूंनी मला शेजारी बसवून घेतलं.

"कप्तान दिवसाला एकशे चाळीस ओळी करतात. कधी दोन कमी, कधी दोन जास्त."

"तुम्ही मोजता?"

"उसवते ना रोज. मोजायचं कशाला, बोटांना माहीत असतं." त्या गुंडा हातात फिरवत राहिल्या. "आता लोकर बारीक आहे म्हणून एकशे चाळीस ओळींचं हातभर होतं. तीन पदर एकत्र घेऊ. ताण्याचे उभे धागे विरळ लावू. तेवढ्याच ओळींत गळ्याभोवती येईल एवढं होईल. एका दिवसात."

मी इतके दिवस कप्तानांचा दिवस ओढून उद्यापर्यंत पोचवायला बघत होते. ही बाई मफलरच दिवसात बसवायला निघाली होती.

लोकर रंगवायचं काम मी मागून घेतलं. नदीचा रंग मला येतो. दोन दिवस मोरीत बादल्या मांडून मी निळ्या-राखाडी छटा काढत बसले आणि माझी नखं पुढे महिनाभर निळीच राहिली. पहिल्या चाचणीला कप्तानांचं चार बोटं विणायचं उरलं. काकूंनी ताणा आणखी थोडा विरळ केला. दुसऱ्या चाचणीला पावणेचारला मफलर पुरा झाला, कप्तान समाधानाने घरी गेले आणि काकूंनी तो उसवायला घेतला.

"हाच ठेवून द्या ना," मी म्हटलं. "लेक आली की देऊ. उगीच जीव टांगणीला कशाला?"

"मग तो आपण दिल्यासारखं होईल," काकू म्हणाल्या. "त्यांना द्यायचाय."

लेक यायची त्या दिवशी कप्तानांनी दहा वाजून पाच मिनिटांनी पहिला धोटा टाकला. चला, पलीकडे. त्या दिवशी दालनात काय झालं होतं कोण जाणे. गाणाऱ्यांनी आपोआप हळू गायलं. माझ्या टेबलावर एक आजी सबंध दुपार एकच निळा पट्टा रंगवत होत्या आणि मी त्यांना दुसरा रंग घ्या म्हटलं नाही. ऊन सरकत होतं, धोटा जात-येत होता, आणि काकू भिंतीशी टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या ओळी मोजत होत्या.

साडेतीनला लेक आली. चाळिशीची, हातात प्रवासी पिशवी, केस विस्कटलेले. ती दारातच थांबली. कप्तानांनी वर पाहिलं.

"आलीस? थांब, एवढी खेप टाकून येतो."

ती थांबली. काकूंनी मला खूण केली, अजून अठरा ओळी. मी घड्याळाकडे बघत राहिले. पावणेचार, पाच कमी चार. गाडीचा हॉर्न वाजला, तर व्यवस्थापक बाई स्वतः धावत जाऊन ड्रायव्हरला गप्प करून आल्या. शेवटची ओळ बसली. काकूंनी ताण्याचे धागे कापायला कात्री घेतली. या दालनात त्यांनी आजवर एकही कापड कापून खाली उतरवलं नव्हतं.

कप्तानांनी मफलर लेकीच्या गळ्यात घातला, दोन वेढे दिले आणि टोक नीट खोचलं.

"म्हटलं होतं ना, आज संपेल."

लेक त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, कारण मला स्वतःलाच काही दिसत नव्हतं. काकू तर मोरीत जाऊन तोंड धूत होत्या. बराच वेळ.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण लेक दोन दिवसांसाठी आली होती.

दुसऱ्या दिवशी ती मफलर गळ्यात घालूनच वडिलांबरोबर आली. कप्तान मागावर बसले, टोपी नीट केली आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे आदराने पाहिलं.

"सुरेख आहे तुमचा मफलर. कुणी केला?"

लेकीने मफलरचं टोक हातात धरलं. "माझ्या बाबांनी."

"हात चांगला आहे त्यांचा," कप्तान म्हणाले. "बसा ना, उभ्या का? मलाही लेकीसाठी एक करायचाय. आज संपेल."

ती बसली. दिवसभर बसली. त्यांनी तिला नदीच्या गोष्टी सांगितल्या, अहो-जाहो करत, पाहुण्या बाईंना सांगाव्यात तशा. तिने हुंकार भरले. दुपारी तिचा फोन वाजला, तेव्हा ती बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी परत आली. चारला गाडी आली. मफलर चार बोटं अपुरा राहिला होता. कप्तान पाहुण्या बाईंना नमस्कार करून गाडीत बसले.

लेक मागे राहिली. काकूंनी स्टूल मागाशी ओढलं तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "हे उसवणार ना? मी उसवू?"

काकूंनी तिला स्टूल दिलं. धाग्याचं टोक कसं धरायचं, गुंडा कसा करायचा, दाखवलं. ती सावकाश ओढत होती. काकू मागे उभ्या राहून चष्म्यातून बघत होत्या.

"आज चार बोटं का कमी पडलं, कळेना," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ऊन तेच, लोकर तीच."

अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर लेकीचा हात अडला. डाव्या काठाला धाग्याचा मोठा सैल फास लोंबत होता. बाकीचा काठ सरळ, एवढीच एक जागा.

"इथे धोटा काठावर ठेवला होता त्यांनी," काकू म्हणाल्या. "परत फिरवलाच नाही बराच वेळ. पाव तास तरी. साधारण अडीच वाजले असतील."

अडीच वाजता ती व्हरांड्यात फोनवर होती. ते मला माहीत होतं, मी तिला पाणी नेऊन दिलं होतं. मी तसं सांगितलं.

लेक त्या फासात बोट घालून बसली. मग म्हणाली, "माझी शाळा पलीकडच्या काठाला होती. मला सुटायला उशीर झाला की बाबा लाँच सोडायचे नाहीत. लोक शिव्या द्यायचे. ते काठाला लावून उभे राहायचे, मी येईपर्यंत."

खिडकीतलं ऊन मागावरून उतरून जमिनीवर गेलं होतं.

"हे एवढं ठेवता येणार नाही?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी ते येणार आहेत," काकू म्हणाल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

लेकीने डोळे पुसले, फासातून बोट काढलं आणि धागा ओढला.